वाचकांचे प्रश्न : रोबो तालमीत चालतो, प्रयोगात अडतो

प्रश्न : शाळेच्या बालनाट्यासाठी सुटे भाग जोडून रोबो केला आहे. मान आणि दोन्ही हातांना एसजी-९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटर) आहेत, वर त्यांना हलवणारा आर्डुइनो ऊनो हा बोर्ड. एकेक भाग नीट हलतो. तिन्ही एकदम हलवले की रोबो थरथरतो आणि पहिल्या संवादावर परत जातो. प्रोग्रॅम चुकला का?

उत्तर : प्रोग्रॅमला हात लावू नका, वीज कमी पडते आहे. अडकलेला एसजी-९० साधारण ७०० मिलिअँपिअर ओढतो, हलायला लागतानाही क्षणभर जवळपास तेवढेच. तिघांचे झाले दोन अँपिअर. ऊनोला यूएसबीवरून मिळतात ५०० मिलिअँपिअर. व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो, म्हणजे प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. सर्व्होंना ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा वेगळा पुरवठा द्या. त्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभराची वीज साठवणारा भाग) लावा, पण अधिक-उणे टोकं बघून. उलटा लागला तर फुटतो. पुरवठ्याचं ग्राउंड (उणे टोक) बोर्डच्या ग्राउंडला जोडलंच पाहिजे. तेवढी एक वायर राहिली तरी सर्व्हो फडफडतात आणि बिचारे नवे सर्व्हो विकत आणले जातात.

हाताचं वजनही मोजा. १०० ग्रॅमचा हात, भार खांद्यापासून १० सेंमीवर, म्हणजे १ किलो-सेंमी. टोकाला, २० सेंमीवर, ५० ग्रॅमचा पंजा जोडला की आणखी १. एसजी-९० ची कमाल ताकद १.८! खांद्याला एमजी-९९६आर हा जास्त ताकदीचा सर्व्हो बसवा. मात्र असा एकच सर्व्हो अडकला तर अडीच अँपिअर खातो, तेव्हा पुरवठाही त्या हिशेबाने वाढवा. सांधे नुसत्या चुंबकावर ठेवू नका, एम३ चा एक बोल्ट घाला.

प्रश्न : वर्गात पट्टीवरून सरळ जाणारा रोबो रंगमंचावर भरकटतो.

उत्तर : पट्टी ओळखणारा सेन्सर इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर) चालतो. हॅलोजनच्या प्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं, सेन्सर दिपतो. सेन्सर जमिनीपासून ३-४ मिमीवर आणा, भोवती काळ्या फोमची झालर लावा. खाली काळं कापड असेल तर तेही तपासा : डोळ्यांना काळी दिसणारी बरीच कापडं इन्फ्रारेड परावर्तित करतात, मग पांढरी पट्टी आणि कापड सेन्सरला सारखंच.

प्रश्न : संवाद टायमरवर लावावेत का?

उत्तर : नको. मूल एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं चुकतं. विंगेत एकाच्या हाती बटण द्या, एक दाब म्हणजे एक क्यू (पुढच्या संवादाचा इशारा). शेजारी ‘मागचा क्यू’ आणि ‘थांब’ अशी आणखी दोन बटणं हवीतच.