रोज देवाचे आभार मानायचे तर रोज नवीन काय सांगायचं?

तुम्ही विचारलंय की रोज रात्री देवाचे आभार मानायला बसता पण आठवड्याभरात तेच ते शब्द यायला लागतात, घर दिलंस, आरोग्य दिलंस, आणि मग बंदच पडतं. शिवाय ज्या दिवशी सगळं वाईट झालं त्या दिवशी आभार कशाचे मानायचे. मी काही फादर नाही, कोरलईचा वाडीवाला माणूस आहे (रेवदंड्याच्या खाडीपलीकडे किल्ल्याखालचं गाव), पण आमच्या घरात हे आजीपासून चाललंय म्हणून सांगतो.

संध्याकाळी रोजरी (जपमाळेवरची प्रार्थना) झाली की उठायचं नाही. प्रत्येकाने काल या वेळेपासून आत्तापर्यंत जे मिळालं त्यातली एकच गोष्ट सांगायची. "आरोग्य दिलंस" म्हटलं की आजी लगेच म्हणायची, ते काल पण होतं, आजचं सांग. (हे सगळं आमच्या घरच्या बोलीत, पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली, आम्ही तिला नौ लिंग म्हणतो म्हणजे आपली भाषा, मी इथे मराठीत लिहितोय.) मग आम्ही पोरं डोकं खाजवत बसायचो. विहिरीवरचा पंप पहिल्या झटक्यात चालू झाला. गणिताच्या सरांनी वही मागितलीच नाही, यावर आजी हसली पण चालवून घेतलं. तुमचा कंटाळा यानेच जाईल असं मला वाटतं, कारण रात्री काहीतरी ताजं सांगायचंय म्हणून दिवसभर डोळे आपोआप शोधत राहतात, निदान माझे तरी.

यात अजून एक भाग आहे आणि खरं तर तोच अवघड. ती गोष्ट ज्याच्या हातून आली त्याचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन तसं सांगायचं. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे, बरे झाले दहाही पण परत आला एकच, तोही शोमरोनी, ज्यांच्याशी यहुदी लोक संबंध ठेवत नव्हते. आजीचं म्हणणं असं की बाकीचे नऊ काही वाईट नव्हते, मनातल्या मनात त्यांनी पण आभार मानले असतील, पण येशूने विचारलं काय तर ते नऊ जण कुठे आहेत. म्हणजे पाय मागे वळायला हवेत. मला लाजेमुळे हे अजून नीट जमत नाही, पुरुषांना तर आपल्याकडे थँक्यू म्हटलं की समोरचाच विचारतो काय रे, पैसे हवेत का.

आता वाईट दिवसाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि दुपारच्या काही तासांत आमची वाडी आडवी झाली. पोफळी मधोमध मोडलेल्या, माड मुळासकट. नवीन माड लावला तर धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात आणि बाबा तेव्हा पासष्टीला टेकलेले. लाइट नव्हतीच, मेणबत्तीवर रोजरी झाली, बाबांची पाळी आली तर म्हणाले, "आज मला वगळा." मला वाटलं आजी आता सुनावणार. ती म्हणाली, "वगळलं. पण उठू नकोस, बस." आणि मला स्तोत्र ८८ वाचायला लावलं. हे स्तोत्र म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऱ्हाणं आहे, इतर गाऱ्हाण्याची स्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, काळोखावर संपतं. तरी ते बायबलात प्रार्थना म्हणूनच आहे. त्यामुळे वाईट दिवशी खोटं खोटं बोलू नका. वाडी पडली त्याबद्दल देवा थँक्यू असं आम्ही कधीच म्हटलं नाही आणि जे दुसऱ्याच्या दुःखात त्याला असं म्हणायला लावतात त्यांचं मला पटत नाही.

चौथ्या दिवशी बाबा स्वतःहून बोलले. कोळीवाड्यातली एक बाई, तिचं स्वतःचं छप्पर उडालेलं, पण आमच्याकडे वाटीभर सोडे देऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी बाबा शिडी आणि हातोडी घेऊन तिचे पत्रे ठोकायला गेले.

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेला, युखरिस्त म्हणतात ना, तो ग्रीक शब्द, अर्थच मुळी आभार मानणं. आणि येशूने भाकर घेऊन आभार मानले ते कधी, तर ज्या रात्री त्याला धरून दिलं त्याच रात्री. हे मला त्या वादळानंतर कळलं, आधी दर रविवारी कानावरून जायचं. अजून एक, संत इग्नेशियसने रोजचं आत्मपरीक्षण सांगितलंय त्यात पण आभार पहिले येतात, आपल्या चुका मोजायचं काम नंतर. तुम्ही उलट करत असाल तर क्रम बदलून बघा, आधी चुका काढत बसलं की आभारापर्यंत पोचेस्तोवर झोप येते, स्वानुभव.

आजी आता नाही. नियम माझी दहा वर्षांची मुलगी चालवते आणि ती आजीपेक्षा कडक आहे. काल मी सांगितलं की साळावच्या पुलावर बाइक पंक्चर झाली तर एका रिक्षावाल्याने थांबून ट्यूब बदलायला मदत केली, पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, नाव काय त्याचं? मी विचारलंच नव्हतं. म्हणून आज दुपारी रेवदंड्याच्या रिक्षा स्टँडवर चाललोय.