दिवाळे 'निघणे' आणि 'काढणे' यांत फरक काय? आणि नादार कोणाला म्हणायचे?

धंदा बसला, देणी मालमत्तेपेक्षा वाढली, की दिवाळे निघते. 'काढले' म्हटले की संशय डोकावतो: पैसा दुसरीकडे वळवून मुद्दाम हात वर केले, असा. 'दिवाळखोर' तर जवळजवळ शिवीच. 'वैचारिक दिवाळखोरी' म्हणतात, 'वैचारिक नादारी' कोणी म्हणत नाही. म्हणून न्यायालयातल्या अर्जात 'नादार' लिहावे. (शाळेतली फीमाफीची 'नादारी' हाच शब्द.)

नुसते हप्ते चुकले तर माणूस थकबाकीदार. देणी फेडूच शकत नाही तो नादार, आणि तसे ठरवते न्यायालय. सामान्य व्यक्तीसाठी अजून १९२० चा नादारी कायदा, मुंबईत १९०९ चा. कंपनीचे प्रकरण २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली (आयबीसी) राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाते. त्यासाठी थकबाकी किमान १ कोटी रुपये हवी.