माणूस विश्वासू आहे. नोंद किती विश्वासार्ह, हे कसे तपासावे?

शिरोळ तालुक्यातील तुमच्या चुलत्यांनी रात्री आठच्या सुमारास बांधावरून तीन नारिंगी प्रकाशगोळे पाहिले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गव्हात आडव्या पडलेल्या पिकाचे वर्तुळ आढळले, आणि काका निवृत्त शिक्षक असल्यामुळे ते खोटे बोलणार नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. काका खोटे बोलत नाहीत, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु पाहणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि त्याने दृश्याचा लावलेला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परग्रहावरील यान दिसल्याच्या अशा प्रकरणांत बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यानेच होतो.

२०२२ चा गुढीपाडवा आठवून पाहा. २ एप्रिलच्या त्या संध्याकाळी महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात असंख्य लोकांनी जळत सरकणाऱ्या ठिपक्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडेही सापडले. चिनी अग्निबाणाचा टप्पा वातावरणात शिरून जळाला होता, हे अभ्यासकांनी त्याच्या कक्षेच्या हिशेबावरून ओळखले. असाच प्रसंग ३ मार्च १९६८ रोजी अमेरिकेत घडला होता. ‘झोंड ४’ या सोव्हिएत मोहिमेचे अवशेष जळत गेले, तेव्हा काही साक्षीदारांनी चक्क उजळलेल्या खिडक्यांचे लांबट यान पाहिल्याचे कळवले. त्यांना दिसले होते सुटे तुकडे. त्यांना जोडणारे यान मनाने रेखाटले होते. म्हणून काकांना पहिला प्रश्न हा विचारा, की तीन दिवे दिसले, की तीन दिवे असलेली एक वस्तू दिसली? या दोन उत्तरांत फार मोठे अंतर आहे.

अमेरिकी हवाई दलाचे सल्लागार राहिलेले खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी सुचवलेली पद्धत मला आजही सर्वांत उपयुक्त वाटते. घटना किती विलक्षण आहे आणि नोंद किती भरवशाची आहे, याचे गुण त्यांनी स्वतंत्रपणे द्यायला सांगितले. त्याच हवाई दलाच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पात १९६९ पर्यंत आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या १२,६१८ नोंदी तपासल्या गेल्या आणि ७०१ नोंदींची ओळख पटली नाही. ओळख पटली नाही याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. त्यावरून परग्रहावरील यान सिद्ध होत नाही.

भरवसा येतो तो तपासता येणाऱ्या तपशिलांनी: नेमकी वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि दिसण्याचा कालावधी. हात ताठ धरल्यावर मूठ साधारण दहा अंश आकाश झाकते, एवढे माप पुरेसे असते. ‘विमानाएवढा मोठा’ किंवा ‘दोन किलोमीटरवर’ ही वर्णने मात्र बाजूला ठेवावीत, कारण अंधाऱ्या आकाशातील एकट्या दिव्याचे अंतर डोळ्यांना कळत नाही आणि अंतराशिवाय आकारही कळत नाही. दुसऱ्या ठिकाणचा साक्षीदार मिळाला तर त्याचे मोल फार आहे. जयसिंगपूरच्या माथ्यावर पाच किलोमीटर उंचीवर असलेली वस्तू सुमारे ३५ किलोमीटर दूर असलेल्या कोल्हापुरातून पूर्वेला, क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर दिसेल. दोन्हीकडे ती एकाच दिशेला, सारख्याच उंचीवर दिसली असेल, तर ती फार दूरची आहे, बहुधा ग्रहच. लडाखच्या सीमेवर २०१२-१३ मध्ये जवानांनी सातत्याने नोंदवलेले प्रकाश शेवटी शुक्र आणि गुरू असल्याचे बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पहारा हेच ज्यांचे काम, त्यांच्याही बाबतीत हे घडते, तेव्हा यात काकांना कमीपणा मुळीच नाही.

तीन नारिंगी, आवाज न करणारे, वाऱ्याच्या दिशेने सरकत एकेक करून विझणारे दिवे असतील, तर मी प्रथम लग्नसमारंभात सोडलेल्या कागदी आकाशकंदिलांचा विचार करीन. दिवे पांढरे आणि एका रेषेत असते, तर इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकच्या, रांगेने जाणाऱ्या उपग्रहांचा केला असता. मिरवणुकीतील शार्पी दिव्यांचे झोत ढगांवर पडले तर फिरती वर्तुळे दिसतात, हे गणेशोत्सवात आपण कोल्हापूरकरांनी पाहिलेलेच आहे. पण त्यासाठी ढग हवेत, म्हणून त्या रात्रीच्या आभाळाची स्थितीही विचारा.

आता वर्तुळ. इंग्लंडमधील डग बोवर आणि डेव्ह चोर्ली यांनी १९९१ मध्ये जाहीर कबुली दिली, की फळी आणि दोरी वापरून ते १९७० च्या दशकापासून पीकवर्तुळे काढत होते. त्यांनी प्रात्यक्षिकासाठी केलेले एक वर्तुळ एका नामवंत अभ्यासकाने अस्सल ठरवले होते. पुढे इतरांनीही ही कला आत्मसात केली, त्यामुळे आकृती सुबक असणे हा अलौकिकतेचा पुरावा राहत नाही. ‘पाऊलखुणा नव्हत्या’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा: तिकडे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून पिकाला धक्का न लावता आत जाता येते, आणि आपल्याकडे वाफ्यांचे बांध तीच सोय करून देतात. वर्तुळाच्या मध्यभागी खुंटी रोवल्याचे छिद्र आहे का, हे पाहा. कडा वेड्यावाकड्या असतील, जवळपास आणखी गहू लोळला असेल, युरिया जास्त पडला असेल किंवा पाणी दिल्यावर वारा सुटला असेल, तर कारण शेतातच सापडेल. ताटांची पेरे वाकलेली किंवा फुगलेली दिसली, म्हणून किरणोत्साराचा निष्कर्ष काढू नका. आडवा पडलेला गहू पुन्हा वर उठू पाहतो आणि ते वळण पेरांपाशीच येते. त्यामुळे वर्तुळातील ताटांबरोबर दुसरीकडे आपोआप लोळलेली ताटेही काढून, चिठ्ठी लावून ठेवा. तुलनेशिवाय नमुन्याला अर्थ नाही.

दिवे आणि वर्तुळ यांना आत्ता जोडणारी गोष्ट एकच आहे: एक आधी दिसले, दुसरे नंतर. तो गहू उभा असल्याचे शेवटचे कुणी आणि केव्हा पाहिले? आदल्या संध्याकाळी कुणीच पाहिला नसेल, तर वर्तुळ चार दिवसांपूर्वीचेही असू शकते आणि मग दोन्ही घटनांचा वेगवेगळा विचार करावा लागेल.

बांधावर काकांबरोबर आणखी कुणी असेल, तर प्रत्येकाकडून एकमेकांशी चर्चा न करता वेगळा कागद लिहून घ्या आणि दिशा त्याच जागी उभे राहून हाताने दाखवायला सांगा. व्हॉट्सॲपवर फिरलेली चित्रफीत नको, ज्या फोनने चित्रण झाले त्यातील मूळ फाइल हवी, कारण तिच्यात वेळेची नोंद असते. झूम केल्यावर दिव्याची तबकडी झालेली दिसते, तो बहुधा फोकस सुटल्याचा परिणाम असतो. तारीख, वेळ, दिशा आणि उंची एवढे कळवलेत, तर त्या रात्रीच्या शिरोळच्या आकाशाचा नकाशा मी स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणकीय प्रणालीवर काढून उपग्रहांच्या वेळांशी ताडून पाहीन आणि जे जुळेल व जे जुळणार नाही, ते दोन्ही येथे लिहीन.