‘हायडेलबर्ग स्कूल’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ऑस्ट्रेलियन चित्रकारांवरच्या पुस्तकाचा अनुवाद करताना ‘हायडेलबर्ग स्कूल’ या चित्रकारांच्या गटाच्या नावाचं ‘हायडेलबर्ग शाळा’ करायचं की ‘घराणं’.

शाळा नकोच. मराठी वाचकाला आधी वर्ग आणि मास्तर दिसणार, त्यात हायडेलबर्ग म्हटलं की जर्मनी आठवणार, म्हणजे दोन्हीकडून घोळ. हे हायडेलबर्ग मेलबर्नजवळचं, आता त्याचं उपनगरच झालंय. आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स कॉन्डर, टॉम रॉबर्ट्स ही मित्रमंडळी १८८८ नंतर तिथे ईगलमाँटच्या एका जुन्या रिकाम्या घरात मुक्काम ठोकून उघड्यावर चित्रं रंगवायची, कोणी कोणाचा गुरू नव्हता. १८८९ मध्ये त्यांनी मेलबर्नला प्रदर्शन भरवलं, बरीचशी चित्रं सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर, ९ बाय ५ इंचांची, म्हणून प्रदर्शनाच्या नावातच ‘९ बाय ५’. जेम्स स्मिथ या समीक्षकाने पेपरात जाम झोडपलं तर यांनी ते परीक्षण प्रदर्शनाच्या दारावरच लावलं, काय हिंमत बघा! ‘हायडेलबर्ग स्कूल’ हे नाव आलं १८९१ मध्ये, सिडनी डिकिन्सन या अमेरिकन समीक्षकाच्या लेखात, तेही स्ट्रीटन आणि वॉल्टर विदर्सपुरतं, पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनी ते सगळ्या गटाला लावलं.

आता ‘घराणं’ म्हटलं की तालीम आली, गुरू-शिष्य आले, ते इथे नाहीच. ‘संप्रदाय’ला दीक्षेचा वास येतो. ‘कलम’ हा फार गोड शब्द आहे, कांगडा कलम म्हणतोच आपण, पण तो लघुचित्रांचाच राहू दे. मी तरी पहिल्यांदा ‘हायडेलबर्ग स्कूल या नावाने ओळखला जाणारा चित्रकारांचा गट’ असं लिहीन आणि पुढे सरळ ‘हायडेलबर्गचे चित्रकार’. ‘बॉम्बे स्कूल’ आपण तसंच ठेवतो ना, मग इथेही ‘स्कूल’ राहिलं तर काही बिघडत नाही.

पण त्याच पुस्तकात ‘हर्मन्सबर्ग स्कूल’ आलं तर आंधळेपणाने तेच करू नका. मध्य ऑस्ट्रेलियातल्या हर्मन्सबर्ग या ख्रिस्ती मिशनवरचे अल्बर्ट नामात्जिरा, अरर्न्टा या तिथल्या आदिवासी समाजाचे, १९३६ मध्ये रेक्स बॅटर्बी या चित्रकाराबरोबर हिंडत जलरंग शिकले आणि त्यांच्यामागोमाग मुलं, नातेवाईक त्याच पद्धतीने तिथल्या डोंगरांची, पांढऱ्या खोडांच्या, निलगिरीसारख्या गम झाडांची चित्रं काढायला लागले. तिथे ‘घराणं’ अगदी चपखल बसतं, बिनधास्त लिहा. फक्त नामात्जिरांचा पणतू व्हिन्सेंट, ज्याला २०२० मध्ये व्यक्तिचित्रांसाठीचं ऑस्ट्रेलियातलं आर्चिबाल्ड पारितोषिक मिळालं, तो अ‍ॅक्रेलिकमध्ये व्यक्तिचित्रं करतो, त्याला आडनावावरून या घराण्यात बसवू नका.