ई, जे, के, बी, एच म्हणजे मराठी

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, माझे यजमान शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी ठाण्यातल्या तळ्यांवर लिहायला घेतलं. मासुंदा, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, एकेका तळ्यावर वेगळं प्रकरण. घरच्या कॉम्प्युटरवर तीनेकशे पानं टाइप केली होती. २०१९ साली ते गेले. परवा नातीनं सीडी लावली तर सगळं इंग्रजी अक्षरांत दिसतंय, एक शब्द लागत नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, फाईल करप्ट झालीय, टाकून द्या." खरंच गेलं का हो सगळं?
– एक वाचिका, चरई, ठाणे

उत्तर : काही गेलेलं नाही. ती सीडी अजिबात टाकू नका. आधी तिच्यावरच्या सगळ्या फाईली कॉम्प्युटरवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. जुन्या सीड्या एखाद्या दिवशी अचानक वाचेनाशा होतात, तेव्हा हे काम आजच करा.

आता नातीला बसवा आणि त्या इंग्रजी मजकुरात पाच अक्षरांचा एक गट शोधायला सांगा : छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी, छोटा एच. ठाण्याच्या तळ्यांवर लिहिणारा माणूस मराठी ग्रंथ संग्रहालयाचं नाव कुठे ना कुठे घेणारच, १८९३ पासून ते आपल्या गावात आहे. तो गट सापडला तर समजा, मजकूर कृतिदेव फॉन्टमधला आहे आणि तुम्ही 'मराठी' हा शब्द पाहताय. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. तुमच्या यजमानांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर तिथेच आहे, त्याच्यावरचा मराठी फॉन्ट तेवढा नव्या कॉम्प्युटरवर नाही.

नव्वदच्या दशकात नौपाड्यात मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम सुरू केलं, तेव्हा सगळेच असं लिहीत होतो. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरंच कळायची. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी 'ई'च्या घरात 'म'चं चित्र ठेवलं, 'जे'च्या घरात 'र'चं. पडद्यावर मराठी दिसायचं, आत इंग्रजीच साठवलं जायचं. प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की सगळी उलथापालथ. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक होतं, १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ते स्वीकारलंही होतं. पण डीटीपीच्या बाजारात आपापल्या फॉन्टचंच राज्य राहिलं. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचं ठरलेलं घर देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती, पण घरोघरच्या कॉम्प्युटरवर ती पोचायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. तोपर्यंतचं आपलं लिखाण, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांच्या घटना, सगळं या जुन्या फॉन्टांत अडकून पडलेलं आहे. मला याची फार टोचणी लागून राहते.

पाच अक्षरांचा तो गट सापडला नाही, तर फाईल वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव येतं ते पाहा. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, डीव्हीबी अशा सुरुवातीचं काही दिसलं तर कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्या. फाईल पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमची निघाली तरी घाबरू नका. लिबरऑफिस ड्रॉ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाईली उघडतो, साध्या पानांचा मजकूर हाती लागतो.

फॉन्ट कळला की युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. मात्र त्यांतून निघालेला मजकूर तसाच छापायला देऊ नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि तशीच साठवली जायची. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं : जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर यायचा, युनिकोडमध्ये आधी र, मग हलन्त, मग ते अक्षर. कन्व्हर्टरला ही उचलठेव करावी लागते, आणि जोडाक्षरं आली की तो चुकतो.

सगळ्यात जपायचा तो आपला ऱ्य आणि ऱ्ह. हिंदीत तो नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर त्याचा सरळ रफार करून टाकतात. वऱ्हाड, कऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या, सगळ्यांची वाट लागते. एका मंडळाची जुनी स्मरणिका मी अशी युनिकोडमध्ये आणली होती. तिच्यात 'आचाऱ्यांचा सत्कार' असं होतं. चाळीस वर्षं उत्सवाचा स्वयंपाक करणारी ती माणसं. छापून आलं 'आचार्यांचा सत्कार'. पाचशे प्रती वाटून झाल्यावर त्यांच्यातल्या एकांच्या मुलीनं मला पान उघडून दाखवलं. ती रागावली नव्हती. वडिलांचं नाव बोटानं दाखवून म्हणाली, "हे स्वयंपाक करायचे हो." तेव्हापासून कन्व्हर्टरमधून आलेल्या मजकुरात मी र्य आणि र्ह शोधून एकेक जागा मूळ पानाशी ताडून पाहते. तुम्हीही तसंच करा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या सरकारी मानक कीबोर्डवर ऱ्य काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग य.

तीनशे पानांना दोघींना महिना लागेल. नात टाइप करेल, तुम्ही वाचा. त्यांची वाक्यं तुमच्याइतकी कोणाला ओळखू येणार?

प्रश्न : सोसायटीच्या सभासदांची यादी ऑनलाइन फॉर्मवर भरून घेतली. ती सीएसव्ही फाईल म्हणून उतरवली आणि एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी भलतीच चिन्हं. शिवाय १०-२ नंबरच्या घराची १० फेब्रुवारी तारीख झाली आहे. वार्षिक सभा आठवड्यावर आली आहे.
– एका सोसायटीचे सचिव, ऐरोली

उत्तर : त्या चिन्हांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसतोय ना? आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह? मग तुमची यादी शाबूत आहे. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत साठवतात आणि पहिला बाइट कायम तोच असतो. एक्सेलनं ते तीन बाइट म्हणजे तीन वेगळी युरोपीय अक्षरं असं धरलं, म्हणून तो रेघवाला 'ए' सगळीकडे. येनचं चिन्ह दिसतं ते बहुतेक मात्रा, दुसरी वेलांटी किंवा हलन्त आला की.

एक काम करू नका : उघडलेली फाईल तशीच सेव्ह करू नका. केली असेल तर फॉर्मवरून पुन्हा उतरवा. मग एक्सेल रिकामं उघडून डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' निवडा, फाईल दाखवा आणि फाईल ओरिजिनच्या यादीत ६५००१ : युनिकोड यूटीएफ-८ घ्या. त्याच खिडकीत घर क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा, म्हणजे १०-२ हे १०-२च राहील.

आणखी एक. यादीत वकील सभासद असतील तर 'ॲड.' शोधून बघा, काही जण सापडणार नाहीत. हा ॲ दोन प्रकारे लिहिला जातो. जुनी रीत म्हणजे अ आणि त्यावर चंद्र, अशी दोन चिन्हं. २००८मध्ये युनिकोड ५.१ आलं आणि अख्ख्या ॲला स्वतःचं एक घर मिळालं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. 'शोधा आणि बदला' वापरून सगळे एकाच प्रकारचे करून घ्या. हजेरीपटावर एखाद्याचं नाव सापडलं नाही की त्याला वाटतं मुद्दाम वगळलं, आणि सभेची सुरुवातच भांडणानं होते.

प्रश्न : माझ्याकडे लिबरऑफिस आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट घरी ४२ पानांचा होता, बाहेर दुकानात वर्डमध्ये उघडला तर ४५ पानं झाली आणि तक्ते खाली सरकले. मित्र म्हणतात, फुकटचं सॉफ्टवेअर असंच असतं. खरं आहे का?
– एक विद्यार्थी, कोपरी

उत्तर : नाही रे, खरं नाही. बहुतेक वेळा यात दोष फॉन्टचा असतो. घरी एक फॉन्ट, दुकानात दुसरा. अक्षराची रुंदी केसभर बदलली की ओळी सरकतात, ओळींनी पानं सरकतात. इंग्रजी मजकूर असेल तर कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया टाक. त्या मुद्दाम त्याच रुंदीच्या केलेल्या आहेत, फुकट मिळतात. मराठीसाठी मुक्त परवान्याचा मुक्ता किंवा नोटो देवनागरी घे आणि दोन्हीकडे तोच टाक.

उरलेलं कारण फाईलच्या जातीत आहे. माथेरानला जाताना नेरळला उतरून गाडी बदलतोस ना? मोठ्या गाडीच्या रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर, छोट्या गाडीच्या ६१०. पण दोन्ही मापं जाहीर आहेत, कोणीही त्या मापाचा डबा बांधू शकतो. फाईलचंही माप असं जाहीर असावं, यालाच खुलं मानक म्हणतात. ओडीएफ हे लिबरऑफिसचं माप २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. वर्डची डॉक्स फाईल ज्या ओओएक्सएमएलवर चालते ते २००८मध्ये. त्याचा पहिला मसुदा सहा हजारांवर पानांचा होता, आणि त्याला मानक करायचं की नाही या मतदानात आपल्या भारतीय मानक ब्यूरोनं विरोधी मत दिलं होतं. मला त्याचा अभिमान वाटतो. पुढे नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरणही आणलं.

वर्डच्या त्या ओओएक्सएमएलचे दोन प्रकार आहेत, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. वर्ड आपणहून साठवतं ते ट्रान्झिशनल, त्यात जुन्या आवृत्त्यांचं बरंच सामान बरोबर येतं. बाहेरच्या प्रोग्रॅमनं ते सगळं हुबेहूब करायचं म्हणजे कष्टाचं काम आहे, आणि जगभरची माणसं ते आपल्यासाठी करताहेत. त्यांच्या कामाला 'फुकटचं' म्हणू नकोस, मित्रांनाही म्हणू देऊ नकोस.

एक गंमत करून बघ. रिपोर्टची एक प्रत डॉक्स प्रकारात काढ, तिच्या नावातलं शेवटचं डॉक्स पुसून झिप लिही आणि उघड. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाईल. नोटपॅडमध्ये उघडलीस की तुझी मराठी वाक्यं खुणांच्या गर्दीत स्वच्छ वाचता येतील. शेजारच्या एका मुलीचा प्रबंध सादर करायच्या आदल्या रात्री उघडेना, तेव्हा आम्ही याच वाटेनं तिची सगळी प्रकरणं बाहेर काढली. पहाटे तीनला तिच्या आईनं पोहे केले.

जमा करताना मात्र पीडीएफ दे. एक्सपोर्टच्या खिडकीत पीडीएफ/ए वर खूण कर, म्हणजे फॉन्ट आतच राहतील आणि ४२ची ४२ पानं दिसतील. लिबरऑफिसची मूळ फाईल, म्हणजे ओडीटी, जपून ठेव, कारण पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की जोडाक्षरं बऱ्याचदा तुटतात.

प्रश्न : फोनच्या टाइप-सी केबलनं लॅपटॉपला फोटो जात नाहीत, फक्त चार्जिंग होतं. पोर्ट बिघडलं का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : आधी केबल बदलून बघा. टाइप-सी हे खाचेच्या आकाराचं नाव आहे, आतल्या तारा किती ते त्यावरून कळत नाही. काही स्वस्त केबलींत डेटाच्या ताराच नसतात. चालणारी केबल सापडली की तिला रंगीत दोरा बांधून ठेवा.

प्रश्न : आजीच्या ओव्यांच्या चार वह्या स्कॅन करायच्या आहेत. नवा लॅपटॉप घेतला तर जुना स्कॅनर चालेना, कंपनी म्हणते नवा घ्या. स्कॅनर उत्तम स्थितीत आहे.
– एक वाचिका, कोपरखैरणे

उत्तर : स्कॅनर फेकू नका. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरकडून तो चालवून घेणारा प्रोग्रॅम, ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला असणार, ६४ बिटांच्या विंडोजमध्ये तसा ड्रायव्हर बसत नाही. लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीत सेन नावाची व्यवस्था आहे, तिच्यात कंपन्यांनी सोडून दिलेले कितीतरी स्कॅनर चालतात. तुमच्या मॉडेलचं नाव तिच्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. नव्या लॅपटॉपवर काही बसवावं लागत नाही, विंडोज आहे तसं राहतं.

पानं रंगीत स्कॅन करा, ३०० डीपीआयला. पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर ६००. टिफ किंवा पीएनजीमध्ये साठवा, जेपीजीत फिकट अक्षरांच्या कडा विरघळतात. फाईलच्या नावात वही आणि पान घाला, वही १ पान ००१ असं, म्हणजे क्रम चुकणार नाही. कोरी वाटणारी पानंसुद्धा सोडू नका. माझ्या आईच्या वहीत मलपृष्ठाच्या आत, दुधाच्या हिशेबाखाली, दोन ओव्या निघाल्या होत्या.