किरणोत्साराची धास्ती आणि सोडायचं गणित

निफाड तालुक्यातल्या एका कांदा उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. मुलगी दहावी पास झाली. नववीत अणूचा धडा शिकल्यापासून समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेले अणू) आणि किरणोत्सार (अणूतून आपोआप किरण बाहेर पडणं) यांचंच वेड. अकरावीला सायन्स घ्यायचं नक्की, पण गणित सोडायचं म्हणते. वडील विचारतात, "असल्या किरणांच्या कामात पोरीनं जावं का? उद्या लग्न आहे, मूलबाळ आहे. त्यापेक्षा डी.फार्मसी बरी नाही का?"

दादा, तुमच्यापासून लासलगाव काही लांब नाही. तिथलं 'कृषक' केंद्र तुम्हाला ठाऊक असेल. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर किरण सोडायला भाभा अणुसंशोधन केंद्रानं ते उभारलं. २००७ साली अमेरिकेला गेलेला आंबाही तिथूनच किरण खाऊन गेला. हे किरण देणारा आत असतो कोबाल्ट-६०, कोबाल्टचं एक समस्थानिक. साध्या कोबाल्टच्या अणूत २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन. तो गप्प पडून असतो. अणुभट्टीत एक न्यूट्रॉन जास्तीचा पोटात गेला की तोच गॅमा किरण सोडायला लागतो. नाव तेच, रासायनिक गुण तेच, स्वभाव मात्र फिरला. तुमच्या मुलीला भुरळ पडली ती बहुधा याचीच.

या किरणांखालून गेलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. उन्हात वाळवलेली मिरची रात्री उजेड देते का? अंगावर किरण पडणं वेगळं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं, पोटात जाणं वेगळं. अर्थात प्रमाणाबाहेर गेले तर नुसते किरणही इजा करतात, तुमची काळजी खोटी नाही. म्हणूनच इथं काम करणाऱ्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेल्या किरणांचं माप) ही मर्यादा, आणि बाईनं गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी फक्त १. शेतात तोंडाला फडकं बांधून औषध फवारताना अंगात किती गेलं, हे तुमचं कोणी मोजतं का?

आता काम कसलं असतं ते. मोठ्या दवाखान्यांच्या आयसोटोप म्हणजे समस्थानिकांच्या विभागात मॉलिब्डेनम-९९ हे किरणोत्सारी समस्थानिक भरलेला एक डबा येतो, त्याला जनरेटर म्हणतात. त्याचंच लाडकं नाव 'गाय', आणि सकाळी त्याचं 'दूध काढतात'. खरंच हाच शब्द आहे. सलाईनचं पाणी आतून ओढलं की मॉलिब्डेनमपासून तयार झालेलं टेक्निशियम हे किरण सोडणारं मूलद्रव्य त्याबरोबर उतरतं. ते पेशंटला टोचून हाडं, हृदय, किडनी यांचं स्कॅन करतात. टेक्निशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, सहा तासांचं, म्हणजे आज सकाळी काढलेलं उद्या सकाळी सोळाव्या हिश्शावर येतं. गायही आटत जाते, आठवड्याभरानं नवी आणावी लागते. कोणत्या पेशंटला किती वाजता किती द्यायचं, हा हिशेब रोजचा.

या कामासाठी बी.एस्सी.नंतर मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये शिकता येतं. संशोधनाकडे ओढ असेल तर बारावीनंतर नेस्ट ही प्रवेश परीक्षा. त्यातून भुवनेश्वरची नायझर किंवा मुंबईची सीईबीएस या विज्ञान संस्थांमध्ये पाच वर्षांची एम.एस्सी. करता येते. कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिएशनचा डोस ठरवणारे मेडिकल फिजिसिस्ट मात्र फिजिक्सवाले. पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

माझी खरी हरकत आहे ती गणित सोडण्याला. वरच्या हिशेबात रसायन जेमतेम आहे, बाकी सगळं गणितच. बायोलॉजी आवडत असेल तर तीही ठेवू दे, दोन्ही घेता येतात.

एक करा. रविवारी तिला शंभर नाणी द्या. सगळी एकदम उधळायची, छापा पडलेली बाजूला काढायची, उरलेली मोजून वहीत लिहायची आणि पुन्हा उधळायची. नाणं म्हणजे अणू आणि फेरी म्हणजे एक अर्धायुष्य, दर फेरीला साधारण निम्मी उरतात; सहा फेऱ्यांनंतर हातात एक-दोन नाणी राहतील. मग त्याचा आलेख काढायला सांगा. मधेच कंटाळून उठली तर डी.फार्मसीचा विचार करायला हरकत नाही, तेही चांगलं शिक्षण आहे. पण "कुठलं नाणं छापा पडणार ते सांगता येत नाही, मग शंभरातली किती उरणार ते कसं सांगता येतं?" असं तिनं विचारलं, तर अकरावीच्या फॉर्मची मुदत संपायच्या आत गणितापुढं खूण करून टाका.