विमानात न बसणारा बर्गकॅम्प, आणि भुसावळचा सेंटर फॉरवर्ड

प्रश्न (भुसावळ): दादा नमस्कार. आमचे मिस्टर रेल्वेत आहेत, मुलगा १७ वर्षांचा, लहानपणापासून रेल्वेच्या ग्राउंडवर फुटबॉल खेळतो आणि चांगला खेळतो असं सगळे म्हणतात. मागच्या महिन्यात टीम बाहेर खेळायला विमानाने जाणार होती, तर हा दोन रात्री झोपला नाही अन् निघायच्या दिवशी पोट दुखतंय सांगून घरीच बसला. नंतर रडला, मला भीती वाटते म्हणाला. सासरे म्हणतात पोराचं काही होणार नाही. कोच म्हणाले हॉलंडचा एक फार मोठा प्लेअर विमानात बसायचाच नाही. हे खरं आहे का पोराची समजूत काढायला सांगितलं?

उत्तर: ताई, कोच शंभर टक्के खरं बोलले. त्याचं नाव डेनिस बर्गकॅम्प. जन्म १९६९, अ‍ॅमस्टरडॅम. वडिलांना मँचेस्टर युनायटेडचा डेनिस लॉ इतका आवडायचा की पोराला त्याचंच नाव दिलं. तिथल्याच आयाक्स क्लबच्या अकॅडमीत वाढला, १९८६ मध्ये तेव्हाचा कोच क्रायफने त्याला मोठ्या टीममध्ये घेतलं तेव्हा हा १७ चाच होता, तुमच्या मुलाएवढाच. पुढे हॉलंडच्या लीगमध्ये लागोपाठ तीन सीझन सगळ्यात जास्त गोल याचेच. १९९३ ला इटलीत इंटर मिलानला गेला, तिथे युएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) जिंकला पण लीगमध्ये जमलं नाही, ५२ मॅचमध्ये ११ गोल. तिथल्या पेपरवाल्यांनी त्याला सोलून काढला.

भीतीचं बी तिथेच पडलं. इंटरची टीम छोट्या विमानांनी जायची, ती हवेत कशी हलतात ते बसणाऱ्यालाच माहीत. त्यात १९९४ च्या वर्ल्ड कपला अमेरिकेत डच टीमच्या विमानाच्या इंजिनची काहीतरी गडबड झाली, वरून एका पत्रकाराने माझ्या बॅगेत बॉम्ब आहे अशी चेष्टा केली. चेष्टा! झालं, त्यानंतर गड्याने ठरवलं की आता विमान बंद. तेव्हा वय २५, म्हणजे करिअरचा अर्धा भाग अजून बाकी होता.

१९९५ ला लंडनच्या आर्सेनल क्लबने त्याला ७५ लाख पौंडात घेतलं आणि तो विमानात बसणार नाही हे मान्यही केलं. फुकटात नाही हां. त्याने स्वतःच सांगितलंय की पगाराची बोलणी व्हायची तेव्हा तू विमानात बसत नाहीस म्हणून क्लब रक्कम कमी करायचा, आणि हा म्हणायचा ठीक आहे करा. मला त्याच्या गोलांपेक्षा हे जास्त आवडतं, खोटं कशाला बोलू. पोट दुखतंय नाही, गुडघा दुखतोय नाही, सरळ टेबलावर ठेवलं की मला भीती वाटते, त्याचे किती कापायचे ते सांगा.

नुकसान झालंच. युरोपातल्या लांबच्या मॅच असल्या की टीम विमानाने जायची आणि हा लंडनला घरी. जिथे रस्त्याने किंवा रेल्वेने जमेल तिथे जायचा. २००० साली कोपेनहेगनला युएफा कपची फायनल होती तिथे विमानाशिवाय पोचला, सुरुवातीपासून खेळला, तुर्कस्तानच्या गलातासरायकडून पेनल्टीवर हरले ती गोष्ट वेगळी. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधला समुद्राखालचा बोगदा १९९४ ला सुरू झाला आणि हा त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनला आला, नशीब म्हणतात ते असं. १९९६ चा युरो इंग्लंडमध्ये, १९९८ चा वर्ल्ड कप फ्रान्समध्ये, २००० चा युरो हॉलंड-बेल्जियममध्ये, सगळं रेल्वेच्या टप्प्यात. २००२ चा वर्ल्ड कप मात्र जपान-कोरियाला. तिथे कोणती गाडी जाणार? म्हणून २००० नंतर त्याने देशाकडून खेळणंच थांबवलं. ७९ मॅच, ३७ गोल, तेव्हा हॉलंडकडून एवढे गोल कोणाचेच नव्हते, नंतर क्लायव्हर्टने पुढे टाकलं.

आता तुमच्या मुलाचं. बर्गकॅम्पने पण डॉक्टरची मदत घ्यावी का असा विचार केला होता, तुम्ही तर नक्की घ्या, जळगावला मानसोपचारतज्ज्ञ आहेत, लाजायचं काय त्यात. पोरगा १७ चा आहे, भीती जाऊ पण शकते. अन् नाही गेली तरी ताई तुम्ही भुसावळला राहता भो! मुंबईची गाडी, हावड्याची गाडी, दिल्लीची गाडी, सगळ्या तुमच्या दारावरून जातात. फक्त त्याला सांगा की पुढच्या वेळी पोटाचं कारण नको, कोचला आठ दिवस आधी खरं सांग म्हणजे ते त्याचं रिझर्व्हेशन वेगळं करतील. सासऱ्यांना हा अंक वाचायला द्या.

प्रश्न (धुळे): दादा तुम्ही दर दोन-तीन अंकांनी बर्गकॅम्पचं नाव घेता. मी आकडे बघितले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये त्याचे ८७ गोल आणि आर्सेनलच्याच हेन्रीचे १७५. मग एवढं कौतुक कशाला?

उत्तर: भाऊ, शेवभाजीत शेव किती ग्रॅम होती यावर भाजी ठरते का? रस्सा कोणी केला ते बघा. बर्गकॅम्प सगळ्यात पुढचा स्ट्रायकर नव्हताच, तो त्याच्या थोडा मागे, दोन लाइनींच्या मधल्या जागेत उभा राहायचा, आणि पुढे आधी इयान राइट, मग अनेल्का, मग हेन्री असे पळणारे लोक. त्यांना पळता पळता पायात बॉल मिळायचा, थांबायला लागायचं नाही. आर्सेनलकडून सगळ्या स्पर्धा मिळून ४२३ मॅच, १२० गोल, तीनदा लीग, १९९८, २००२ आणि २००४, त्यातलं २००४ चं तर एकही मॅच न हरता.

पण तुम्हाला आकडे नाही, एक गोल सांगतो. ४ जुलै १९९८, मार्सेल, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, समोर अर्जेंटिना. आपल्याकडे रात्री आठला सुरू झाली होती, आमच्याकडे पाऊस आणि लाइटीचा खेळ चालू, पहिल्या हाफमध्ये दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली तर मी शेजारच्या गल्लीत पळणार होतो कारण त्यांचा फेज वेगळा होता. स्कोअर १-१. दोन्हीकडचा एक एक माणूस रेड कार्डने बाहेर. ९० वं मिनिट लागतंय आणि फ्रँक डी बोअरने आपल्या हाफमधून असा लांब बॉल मारला की मला वाटलं वाया गेला. बर्गकॅम्प पळत गेला, उडी मारून उजवा पाय वर केला अन् बॉल त्या बुटावर असा बसला जसं आपण दह्याचं मडकं शिंक्यावरून उतरवतो, दुसऱ्या टचमध्ये त्यांचा डिफेंडर अयालाच्या पायातून आतल्या बाजूला, आणि तिसऱ्या टचला बुटाच्या बाहेरच्या कडेने गोलकीपरच्या वरून जाळ्यात. तीन टच, तिन्ही उजव्या पायाचे. बॉल खाली येईपर्यंत त्याला पुढचं सगळं माहीत होतं हे तेव्हा कळलं नाही, नंतर पन्नासदा बघितल्यावर कळलं. नेमकी लाइट राहिली हे माझ्यावर उपकार.

न्यूकॅसल क्लबविरुद्धचा गोल पण आहे, मार्च २००२ चा. टीममधल्या पिरेसचा पास आला, याची पाठ गोलकडे, बॉल त्यांचा डिफेंडर डॅबिझासच्या एका बाजूने फिरवला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने फिरून पुन्हा त्याच बॉलला जाऊन भेटला. काही लोक अजून म्हणतात चुकून झालं. म्हणू द्या.

प्रश्न (अमळनेर): तो फार सभ्य खेळाडू होता असं वाचलं, खरंय का?

उत्तर: नाही. शांत होता, सभ्य नेहमी नव्हता. त्याच १९९८ च्या वर्ल्ड कपला युगोस्लाव्हियाच्या मिहायलोविचला खाली पडलेला असताना पायाने तुडवला आणि रेफरीने सोडून दिलं. कार्ड मिळायला हवं होतं, आणि मिळालं असतं तर वर लिहिलेला गोल झालाच नसता. मी त्याचा फॅन आहे म्हणून हे झाकणार नाही.

प्रश्न (चोपडा): त्याचा शेवट कसा झाला? पुतळा आहे म्हणतात.

उत्तर: शेवट अर्धा गोड. २००६ ला आर्सेनल चॅम्पियन्स लीगच्या फायनलला गेली, तीही पॅरिसला, म्हणजे लंडनहून रेल्वेने आरामात. हा बेंचवर होता, १८ व्या मिनिटाला आर्सेनलचा गोलकीपर लेमन रेड कार्डने बाहेर गेला, सगळं गणित बदललं, बार्सिलोनाने २-१ ने मारलं आणि याला आत सोडलंच नाही. एवढी वर्षं रस्ते तुडवले, आणि मोठी फायनल दारात आली तेव्हा ट्रॅकसूट पण उतरवला नाही. मला ते अजून बोचतं. मग जुलैमध्ये आर्सेनलच्या नव्या एमिरेट्स स्टेडियममधली पहिलीच मॅच याच्या निरोपाची ठेवली, समोर आयाक्स. पुतळा त्याच स्टेडियमबाहेर २०१४ ला बसवला, आणि गंमत बघा, विमानाला घाबरणारा माणूस त्यात दोन्ही पाय जमिनीवरून सोडून हवेत बॉल घेतोय. नंतर आयाक्सला परत जाऊन कोचिंग केलं, बरीच वर्षं फ्रँक डी बोअरचाच असिस्टंट, हो, तोच लांब पासवाला.

प्रश्न (रावेर): दादा मी नववीत आहे. बॉल आला की माझ्या पायाला लागून लांब जातो. बर्गकॅम्पसारखा टच येण्यासाठी काय करू? आमच्याकडे कोच नाही.

उत्तर: बेटा, भिंत आहे ना? बर्गकॅम्प लहानपणी घराजवळच्या भिंतीवर तासन्‌तास बॉल मारायचा आणि तो कसा परत येतो, किती उसळतो, कुठे मारला की फिरतो ते बघत बसायचा. तेच कर. एक पाय झाला की दुसरा. आधी हळू मार आणि परत आलेला बॉल पायाखाली मरायला पाहिजे, म्हणजे जागच्या जागी थांबायला पाहिजे, ते जमलं की मग जोरात आणि उंच. बॉल येताना पाय कडक ठेवू नको, थोडा मागे घे, झाडावरून टाकलेली कैरी आपण हात मागे घेत झेलतो तसा. सकाळी सहा ते आठ कर, रावेरच्या उन्हात दुपारी नको. आणि भिंत शेजाऱ्यांची असेल तर आधी विचारून घे, आमच्या इथे यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.